तानूबाईंची आगाऊ उपकारस्तुती

हे लिहायला बसलो ते तानूबाई साळव्यांबद्दल. पण त्यात माझाही एक गुन्हा आहे. तो मी मधेच गाळून टाकीन अशी मला माझीच भीती वाटते, म्हणून आधी कबूल करून ठेवतो आणि मग सावकाश सांगतो.

दिल्लीतली आमची मराठी ख्रिस्ती मंडळी लहान. चाळीसेक घरं, त्यातली रविवारी पंचवीस येतात. चर्चसुद्धा आमचं नाही. हिंदी मंडळीची उपासना आटोपली की साडेबाराला ते आम्हाला मिळतं आणि अडीच वाजले की चौकीदार दारात किल्ल्या वाजवत उभा राहतो. बावीस वर्षं मी या मंडळीचा सेक्रेटरी आहे. केंद्र सरकारच्या एका खात्यातून सेक्शन ऑफिसर म्हणून निवृत्त झालो. कागद जागच्या जागी आणि वेळच्या वेळी लागणारा माणूस. माझी बायको शुभदा म्हणते, आमच्या उजागऱ्यांना देवदूत भेटला तरी ते आधी त्याचं ओळखपत्र मागतील. तिचं खरं आहे. निदान त्या एका रविवारपर्यंत खरं होतं.

उपासनेच्या शेवटी आमच्याकडे साक्षीची वेळ असते. पाळकसाहेब विचारतात, ‘‘कुणाला प्रभूचे उपकार मानायचे आहेत?’’ ज्याचं काही भलं झालं असेल तो उठतो, दोन वाक्यं बोलतो आणि बसतो. दोनच वाक्यं, हा नियम मी केला. तानूबाईंनी तो कधी मोडला नाही. त्यांची तऱ्हा निराळीच होती. लोक काही घडलं की उपकार मानायचे, तानूबाई घडण्याआधी मानायच्या.

पहाडगंजच्या मराठी शाळेत त्या सेविका होत्या. लहान वर्गातल्या पोरांची नाकं पुसायची, डबे उघडून द्यायचे, दिल्लीत वाढलेल्या पोरांना ‘‘अरे, भिंडी नाही, भेंडी म्हणायचं’’ असं शिकवायचं, हे त्यांचं काम. जवळच्याच गल्लीत एका खोलीत राहायच्या. घरात नवरा दाविदराव आणि एकुलती एक मुलगी अबोली. अबोली दहावीला होती तेव्हा एप्रिलमधल्या एका रविवारी तानूबाई उठल्या आणि म्हणाल्या, ‘‘माझी अबोली दहावी पास झाली, प्रभूचे उपकार.’’ उपासनेनंतर पेढेही वाटले. मी पेढा तोंडात टाकला आणि मग हिशेब लक्षात आला, की निकाल लागायला अजून महिना आहे. घशात अडकला तो. निकाल लागला, पोरगी पास झाली, आणि मी पेढे मागितले तर म्हणाल्या, ‘‘ते खाल्लेत की तुम्ही.’’

‘‘तानूबाई,’’ मी त्यांना एकदा सुनावलं, ‘‘अर्ज मंजूर व्हायच्या आधी पोच देत नसतात.’’

त्या हसल्या. ‘‘भाऊ, तुम्ही अर्ज करता. मी कुठं करते?’’

हे त्यांना वडिलांनी शिकवलं होतं. नेवासे तालुक्यातल्या एका गावी, ख्रिस्ती वस्तीवर त्यांचं बालपण गेलं. घरात नऊ तोंडं. जेवणाआधी प्रार्थना व्हायची, आणि ज्या दिवशी घरात पीठ नसे त्या दिवशीही वडील सगळ्यांना रिकाम्या ताटल्या घेऊन बसवायचे आणि भाकरीबद्दल उपकार मानायला लावायचे. ‘‘मग यायची का भाकरी?’’ मी विचारलं होतं. ‘‘कधी भाकरी यायची, कधी झोप यायची,’’ त्या म्हणाल्या. त्यांचं साधं म्हणणं असं, की मागितलं तर देवाला वाटतं हिचा आपल्यावर भरवसा नाही. आणि आधीच उपकार मानले तर त्यालाच लाज वाटते, की आता न देऊन कसं चालेल. देवाला असं कोंडीत पकडणारी दुसरी बाई मी पाहिलेली नाही.

नवऱ्याची दारू सुटल्याबद्दल त्यांनी अकरा महिने दर रविवारी उपकार मानले. त्या वेळी कुणी मान वर करायचं नाही, कारण दाविदराव मागच्या बाकावर बसलेले असत आणि त्यांचा वास तिसऱ्या बाकापर्यंत येत असे. बाराव्या महिन्यात दारू सुटली खरी. पण तोवर यकृत गेलं होतं, आणि पुढच्या उन्हाळ्यात दाविदरावही गेले. आता ही बाई काय म्हणते म्हणून मी, खोटं कशाला सांगू, वाटच पाहत होतो. ‘‘शुद्धीत गेले, भाऊ. मला नावानं हाक मारून गेले,’’ त्या म्हणाल्या, आणि पुढच्या रविवारी उभं राहून तेवढ्याचे उपकार मानले. त्या दिवशी मी घड्याळ पाहिलं नाही.

अबोली शिकली, नोएडात एका चॅनेलच्या ऑफिसात लागली. कोल्हापूरच्या विश्वजितशी तिचं लग्न झालं. तो तिकडेच एका आयटी कंपनीत आहे, मुलगा सरळ. दोन वेळा तिचा गर्भ पडला. तिसऱ्यांदा दिवस राहिले तेव्हा ती तेहतीस वर्षांची होती. डॉक्टरांनी पाचव्या महिन्यात सांगितलं की बाळाची वार खाली आहे, जपावं लागेल, आणि तिचं रक्त बी निगेटिव्ह, ते सहजासहजी मिळत नाही, तेव्हा डोनर हाताशी ठेवा. त्या आठवड्यापासून तानूबाई दर रविवारी उठून म्हणायला लागल्या, ‘‘बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत, प्रभूचे उपकार.’’ पोरगी समोर बसलेली, पोट पुढे आलेलं, आणि आई तिला बाळंत करून मोकळी. अबोली लाजून खाली बघायची. मंडळी हसून आमेन म्हणायची. मीही म्हणायचो. हे सगळं मी इतक्या तपशिलानं सांगतोय ते यासाठी, की मला माहीत होतं. मंडळीत दुसऱ्या कुणाला नसेल इतकं मला माहीत होतं.

ऑक्टोबरातल्या एका रविवारी सकाळी साडेनऊला विश्वजितचा फोन आला. अबोलीला रक्तस्राव सुरू झाला होता आणि त्यांनी तिला नोएडातल्या एका खाजगी हॉस्पिटलात आणलं होतं. ‘‘काका, सध्या थांबलंय, पण संध्याकाळच्या आत ऑपरेशन करावं लागेल म्हणतात. चार बाटल्या पाहिजेत. यांच्याकडे एकच आहे. डोनर आणले तरी रक्त तपासायला तीन तास जातात, म्हणून एकपर्यंत माणसं पोहोचायला हवीत.’’ त्याचा आवाज फाटला होता. मी म्हणालो, ‘‘तू तिच्याजवळ थांब. माणसं मी आणतो.’’

आणि आणली. इथपर्यंत माझं चुकलं नाही. दिल्लीतल्या मराठी लोकांचा एक मोठा व्हॉट्सअॅप ग्रुप आहे. दिवाळी पहाट, पुरणपोळीच्या ऑर्डरी, भाड्याच्या खोल्या, असलं सगळं त्यावर चालतं. तिथे मी मजकूर टाकला. दीड तासात दोघं मिळाले. एक मारुती नावाचा जवान, कॅन्टोन्मेंटमधला. त्याची दुपारी दोनला ड्यूटी होती. साहेबांची विनवणी करून त्याने ती पुढे ढकलून घेतली आणि साडेअकराला तो निघाला. दुसरी रुचिरा, पुण्याची मुलगी, गुडगावात नोकरी करणारी. उपाशीपोटी रक्त घेत नाहीत म्हणून तिने पोटभर नाश्ता केला आणि कॅब बोलावली. दोघांचाही तानूबाईंशी काडीचा संबंध नाही, दोघंही आमच्या धर्माचे नाहीत. तिसऱ्याचा शोध चालूच होता.

साडेबाराला उपासना सुरू झाली. सूचना वाचायला मी वेदीजवळ जाऊन उभा राहिलो तोच हातातला फोन थरथरला. मंडळीच्या ग्रुपवर हॉस्पिटलातून तानूबाईंचा मेसेज होता. मराठीत टाइप करायला त्यांना अबोलीनेच शिकवलं होतं.

‘‘अबोलीला रक्त मिळाले. बाळ बाळंतीण सुखरूप. प्रभूचे उपकार उपकार उपकार.’’

ओळखपत्र मागणारा हा माणूस. त्याने काय करायला हवं होतं? खाली उतरून विश्वजितला एक फोन. एक मिनिट लागलं असतं. शुभदा पहिल्या बाकावर होती, तिने स्वतःच्या फोनवर तेच वाचलं आणि मला खुणेनं म्हणाली, ‘‘आधी विचारून घ्या.’’ मला दिसली ती खूण. मी तिच्याकडे काणाडोळा केला.

खरं कारण सांगतो. बावीस वर्षं मी त्या जागी उभा राहून सूचना वाचत आलो. अमक्याचं निधन, तमक्याचं ऑपरेशन, खुर्च्या आवरून ठेवा, वेळेवर या. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या हातात एक चमत्कार आला होता, आणि तो मला वाचून दाखवायचा होता. मी वाचला. बाया रडल्या. पाळकसाहेबांनी डोळे मिटून हात वर केले, सगळे उभे राहिले आणि गाणं सुरू झालं. ग्रुपवर एकापाठोपाठ एक आमेन पडत होते. गाणं चालू असतानाच मी व्हरांड्यात आलो आणि दोन फोन केले.

मारुती राजीव चौकला पोहोचला होता. ‘‘मारुतीराव, माघारी फिरा. रक्त मिळालं, सगळं सुखरूप आहे,’’ मी म्हणालो. ‘‘देव पावला, साहेब,’’ तो म्हणाला. ‘‘मग ड्यूटीच गाठतो.’’

रुचिराची कॅब आश्रम चौकाच्या गर्दीत होती. ‘‘अच्छा? चलो, छान झालं काका! यू-टर्न घेते मग. बाळाचा फोटो पाठवा हं.’’

दोन वाजून दहा मिनिटांनी विश्वजितचा फोन आला.

‘‘काका, डोनर कुठवर आले? डॉक्टर सारखे विचारताहेत.’’

‘‘अरे, रक्त मिळालं ना?’’

‘‘कुठलं रक्त? ती एकच बाटली आहे, सकाळचीच. मी पूर्व दिल्लीत तिसऱ्या ब्लड बँकेत उभा आहे, इथेही नाही. ब्लीडिंग पुन्हा सुरू झालंय. काका, कुठे आहेत ते लोक?’’

आणि त्या क्षणी मी काय म्हणालो ते ऐका. म्हणालो, ‘‘रस्त्यात आहेत. ट्रॅफिक आहे. येतातच.’’

रुचिराला फोन लावला. ती घरी पोहोचून नुकतीच आडवी झाली होती. काय झालं ते मी अर्धवट सांगितलं, तिने पुरतं ऐकलंही नाही. ‘‘निघते,’’ म्हणाली. मारुतीचा फोन बंद. पुन्हा बंद. अकरा वेळा लावला. शुभदाला मी नोएडाला पाठवलं आणि स्वतः ऑटोने कॅन्टोन्मेंट गाठलं. गेटवर एक पोरगेलासा जवान पहाऱ्यावर होता.

‘‘ड्यूटी पे फोन जमा होता है, अंकल,’’ तो म्हणाला. ‘‘किस यूनिट के हैं?’’

मला माहीत नव्हतं.

‘‘पूरा नाम?’’

तेही माहीत नव्हतं. मारुती, एवढंच. मराठी बोलतो, एवढंच. ‘‘मारुती तो यहाँ दर्जन भर होंगे, अंकल,’’ तो समजुतीच्या सुरात म्हणाला. मी हात जोडले. एक बाई मरायला टेकलीय, असं हिंदीत सांगायला गेलो तर मला शब्द सापडेनात. सदतीस वर्षं दिल्लीत काढली, हिंदीत फायली लिहिल्या, आणि तिथे उभा राहून मी मराठीतच ओरडत होतो. त्या पोराने आत दोन-तीन ठिकाणी फोन लावले. त्याने जमेल तेवढं केलं. पाऊण तास गेला. जो माणूस आपलं रक्त द्यायला निघाला होता त्याचं आडनावसुद्धा मी विचारलं नव्हतं.

मी नोएडाला पोहोचलो तेव्हा सव्वापाच झाले होते. चारलाच त्यांना ऑपरेशन करावं लागलं होतं. मुलगी झाली होती, पावणेदोन किलोची, काचेच्या पेटीत होती. अबोली आतच होती. रुचिरा सव्वातीनच्या सुमारास आली होती. तिचं रक्त घेऊन झालं होतं, तपासणी चालू होती. ती मला लिफ्टजवळ भेटली, रडवेली. ‘‘काका, मी एकपर्यंत पोहोचले असते,’’ एवढंच म्हणाली. मी तिला म्हणालो, हे आत कुणाला सांगू नकोस. तिने माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी विसरलेलो नाही.

तानूबाई व्हरांड्यात फरशीवर बसल्या होत्या. खुर्च्या रिकाम्या होत्या, तरी खालीच. मला पाहून त्यांनी विचारलं,

‘‘आलं का रक्त, भाऊ?’’

मी म्हणालो, प्रयत्न चालू आहेत. मग माझ्या लक्षात आलं, की या बाईने प्रश्न विचारला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. त्यांनी माझा हात धरला.

‘‘भाऊ, आता मला मागायचंय,’’ त्या म्हणाल्या. ‘‘पण मला येत नाही हो. मी कधी मागितलंच नाही. तुम्ही मागता ना नेहमी, तुम्हाला येतं. कसं मागायचं असतं ते सांगा. काय म्हणायचं? मी तसं म्हणते.’’

मी अगणित प्रार्थना केल्यात. वार्षिक सभेच्या, पायाभरणीच्या, दफनाच्या. पण त्या वेळी माझ्या तोंडून एक अक्षर बाहेर पडलं नाही. कसं पडणार? ज्याने दिलेलं माघारी लावलं तोच पुन्हा कुठल्या तोंडाने मागणार? मी त्यांच्या शेजारी फरशीवर बसलो. त्या माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. मग त्यांनी शुभदाकडे पाहिलं, मग येणाऱ्या-जाणाऱ्या नर्सकडे. ‘‘सिस्टर, आप बोलिए ना,’’ असं एका केरळी नर्सला म्हणाल्या. तिला काही कळलं नाही. ती त्यांच्या खांद्यावर थोपटून आत गेली.

सव्वासहाला रुचिराची बाटली आत गेली. सहा पन्नासला डॉक्टर बाहेर आल्या. तरुण बाई होत्या, अंगावरचा हिरवा झगा भिजला होता. त्यांनी विश्वजितला सांगितलं, अबोली गेली. मी डॉक्टरांना कोपऱ्यात गाठून विचारलं, दोन बाटल्या वेळेत मिळाल्या असत्या तर? ‘‘कह नहीं सकते, अंकल,’’ त्या म्हणाल्या. नंतर थोडं थांबून म्हणाल्या, ‘‘चांस बेहतर होता.’’

मंगळवारी दफन झालं. मंडळीत सगळ्यांना वाटलं की तानूबाईंच्या त्या मेसेजचा घोटाळा झाला, आणि बिचारी म्हातारी, तिला तरी काय बोलणार. डोनरांना माघारी मी लावलं हे चौघांना माहीत होतं. त्यातल्या दोघांचा मंडळीशी संबंध नव्हता, तिसरी माझी बायको, आणि चौथा मी. शुभदा माझ्याशी आठ दिवस कामापुरतं बोलली. नवव्या दिवशी म्हणाली, ‘‘सांगणार आहात की मी सांगू?’’ मी म्हणालो, आत्ता त्या दुःखात आहेत, सावरू दे. पण मला स्वतःलाच वाचवायचं होतं. शुभदाला ते कळत होतं.

पंधराव्या दिवशी विश्वजितने बोलावलं. तानूबाई आता त्याच्याकडेच राहत होत्या. बाळ घरी आलं होतं. ‘‘काका, आई प्रार्थनाच करत नाहीत,’’ तो म्हणाला. ‘‘जेवायला बसतात, मी वाट बघतो, त्या नुसत्या घास घेतात. बाळाचं सगळं करतात. दूध देतात, कपडे बदलतात, पण कुशीत घेत नाहीत. लगेच खाली ठेवतात. तुम्ही बोला ना त्यांच्याशी. तुमचं ऐकतील त्या.’’

मी दुपारी गेलो. विश्वजित औषधं आणायला खाली गेला होता. आठव्या मजल्यावरच्या त्या फ्लॅटमध्ये तानूबाई पाळण्यापासून दूर, मोरीपाशी पाट मांडून बसल्या होत्या. ‘‘सलाम, भाऊ,’’ म्हणाल्या. पाणी आणून दिलं. पंधरा दिवसांत त्या निम्म्या झाल्या होत्या.

मी विचारलं, ‘‘तानूबाई, प्रार्थना सोडलीत?’’

‘‘काय सांगू त्याला?’’ त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. मला वाटलं होतं, देवावर रुसल्या असतील. तसंही नव्हतं. त्या मला समजावून सांगायला लागल्या, शाळेतल्या पोराला सांगावं तसं. ‘‘बघा, त्याची चूक नाही. त्याला मीच सांगितलं ना, की रक्त मिळालं. सुखरूप आहेत दोघी. मोबाईलवर पण टाकलं. सगळ्यांनी आमेन म्हटलं. तिकडं चर्चमध्ये गाणं झालं म्हणे. इतक्या माणसांनी सांगितलं त्याला, की तानूचं काम झालं. मग तो कशाला थांबेल? त्याला काय एकटी अबोली आहे? गेला असेल दुसऱ्याकडं. मीच घालवला त्याला, भाऊ. मी गप बसले असते, नाहीतर रडून मागितलं असतं, तर आला असता.’’

पाळण्यात बाळ कुरकुरलं. त्या उठल्या नाहीत.

‘‘लहानपणी भाकरीपुरतं ठीक होतं,’’ त्या म्हणाल्या. ‘‘लेकीच्या बाबतीत असं करायला नको होतं.’’

मी मनात तयार करून आणलेलं सगळं, देवाची इच्छा वगैरे, तिथेच गळून पडलं. मला स्वच्छ दिसलं, की मी आणखी आठ दिवस गप्प राहिलो तर या बाईचं जे काही उरलंय तेही जाईल. आणि ते मी घेतलेलं असेल.

‘‘तानूबाई, तो गेला नव्हता,’’ मी म्हणालो. ‘‘दोन माणसं निघाली होती.’’

त्यांनी मान वर केली.

मी सांगितलं. ऑफिसात टिपण वाचावं तसं सांगितलं, कारण दुसऱ्या कुठल्या तऱ्हेने मला ते जमलं नसतं. मारुती कॅन्टोन्मेंटमधून निघाला. रुचिरा गुडगावातून निघाली. एक राजीव चौकला होता, दुसरी आश्रमला. तुमचा मेसेज आला. मला तुमची सवय माहीत होती. शुभदाने मला विचारून घ्यायला सांगितलं. मी विचारलं नाही. मला चर्चमध्ये ते वाचायचं होतं. मी वाचलं, आणि मी स्वतः फोन करून दोघांना माघारी लावलं. विश्वजितला खोटं सांगितलं. तुम्हालाही.

मग त्यांनी विचारलं, ‘‘किती वाजता निघाला तो?’’

‘‘साडेअकराला.’’

‘‘आणि ती पोरगी?’’

‘‘पावणेबाराच्या सुमाराला.’’

‘‘मी मोबाईलवर कधी टाकलं?’’

‘‘बारा चाळीसला.’’

त्यांचे ओठ हलत होते. वेळा जुळवत होत्या. ‘‘म्हणजे मी म्हणायच्या आधीच त्यानं पाठवले होते,’’ त्या म्हणाल्या. ‘‘एक तास आधी. म्हणजे मी खोटं नव्हते बोलले.’’

‘‘नाही. तुम्ही खरं बोललात.’’

‘‘त्यानं पाठवले होते,’’ त्या पुन्हा म्हणाल्या, आणि मग जे रडू फुटलं ते मी ऐकू नये असं होतं. दफनालाही त्या असं रडल्या नव्हत्या. हॉस्पिटलच्या फरशीवरही नाही. मी दाराकडे निघालो. वहाणा पायात घालत होतो तेव्हा त्या उठल्या, पाळण्याशी गेल्या, बाळाला उचललं आणि छातीशी घट्ट धरून उभ्या राहिल्या. ‘‘प्रभू, तू मारुतीला पाठवलंस, उपकार. तू त्या पोरीला पाठवलंस, उपकार,’’ असं म्हणू लागल्या. हुंदक्यातून शब्द तुटत होते, पण म्हणत होत्या.

मला तेवढ्यावरच निघून जायला हवं होतं. पण माणूस लोभी असतो. मी दारातून म्हणालो, ‘‘तानूबाई, मला माफ करा.’’

त्यांनी बाळाच्या डोक्यावरचा हात काढला नाही. माझ्याकडे नीट पाहिलं.

‘‘ते मी आधीच म्हणणार नाही, भाऊ,’’ त्या म्हणाल्या. ‘‘झालं की सांगेन.’’

या गोष्टीला आता दीड वर्ष होईल. विश्वजितला मी त्याच दिवशी खाली, गेटपाशी सांगितलं. तो माझ्याशी बोलत नाही, आणि ते बरोबर आहे. पुढच्या रविवारी मंडळीत उभा राहूनही सांगितलं आणि सेक्रेटरीपद सोडलं. तानूबाई दर रविवारी नोएडाहून मेट्रोने येतात, नातीला कडेवर घेऊन. दारात भेटल्या की सलाम करतात, शुभदाची चौकशी करतात. परवा नात माझ्या पायाशी आली आणि मी वाकताच चष्मा ओढायला लागली, तर त्यांनी तिला माझ्याजवळ राहू दिलं आणि स्वतः आत जाऊन बसल्या.

अजून त्यांनी मला काही सांगितलेलं नाही.